लव आलेला करंडा

पातूरचे एक सुतार आपली मुलगी मला द्यायची की नाही, हे माझं काम पाहून ठरवणार होते. "कुंकवाचा एक करंडा करून ठेवजो, येऊन पाह्यतो," असा निरोप आला होता. मुलगी मी जत्रेत एकदाच पाहिली होती, पण तेव्हापासून मला दुसरी कोणी नकोच होती.

शिसवीचा करंडा चरकावर कातला. आता त्याला द्यायचं काय? लाख दिली तर तो बांगडीसारखा चकचकतो आणि लगेच सुकतो. पण मग खाली शिसव आहे की बाभूळ, हे कोणाच्या बापाला कळणार? मला लाकडाच्या रेघा दाखवायच्या होत्या. म्हणून उकळलेलं जवसाचं तेल घेतलं. ते रेघ न् रेघ उजळतं, फक्त सुकता सुकत नाही.

त्या साली सातासमुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली होती, त्यापायी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इकडे अमरावतीत माणूस शिंकला तरी रुई उडत होती. माझ्या दुकानावरून दिवसभर कापसाच्या गाड्या जात. संध्याकाळपर्यंत करंड्याला लव आली. खरवडला, पुन्हा तेल दिलं. कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकला, तर पिसं चिकटली. ज्वारीच्या कणगीत ठेवला, तर कोंडा बसला. शेवटी गुरवाच्या हातापाया पडून देवळाच्या गाभाऱ्यात नेऊन ठेवला. तिथे लोकांनी त्याला नवा देव समजून अक्षता वाहिल्या. एका बाईनं तर नवस बोलला आणि मी करंडा उचलून आणला म्हणून ती गुरवाशी भांडली. मी मात्र तेलाचा हट्ट सोडला नाही. मला तेव्हा कोणी शहाणं म्हणत नव्हतं.

पाहुणे यायच्या सकाळी सगळं खरवडून तेलाचा शेवटचा हात दिला, हात धुतले, आईला करंड्याजवळ बसवलं आणि त्यांना आणायला वेशीपर्यंत गेलो.

परत आलो तर पाटावर कापसाचा एक मोठा गोळा. आई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "रुई लय उडून राह्यली होती, म्हनून गुंडाळून ठेवला." पिंजाऱ्याकडून आणलेल्या ताज्या कापसात! गावात तेव्हा मोलाची प्रत्येक वस्तू कापसातच ठेवत. उडते ती घाण आणि घरात असतो तो कापूस, एवढं तिच्या मनात स्वच्छ होतं. मला तिचा राग आला आणि रागापेक्षा जास्त तिची कीव आली.

पाहुण्यांनी गोळा उलगडला. आतून मांजराचं पिल्लू निघावं तसा करंडा निघाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, थोडा कुरवाळलाही.

"काहून रे, याले गुंडाळलं कोनं?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी माझे धुतलेले हात पाहिले. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तिच्या सगळ्या बोटांना तेल होतं आणि तेलाला कापूस. सोयरीक मोडली, हे मला पक्कं कळलं. डोळे भरून आले, ते लपवायला मी खाली बघत बसलो.

त्यांनी करंडा पाटावर ठेवला.

"विहीनबाई," ते म्हणाले, "राखेनं हात धुऊन या. मंग पोरीचं बोलू."