आधी पत्ता, मग गाडी

ऑफिसात तिला सगळे गोगलगाय म्हणत. ॲम्ब्युलन्स पाठवणाऱ्या केंद्राचा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ती सांभाळायची, आणि प्रत्येक ओळ दहादा तपासल्याशिवाय पुढे सरकायची नाही. साहेब चिडवायचे, "गोगलगाय अन् पोटात पाय!" तीही हसायची, पण ते कुठेतरी बोचायचंच. शेवटी तिने तो जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम एकदाचा वेगवान करून दाखवला.

काम सरळ होतं. फोन आला की एका ऑनलाइन सेवेला विचारायचं, या नंबरचा पत्ता काय? पत्ता आला की दुसरीला, जवळची गाडी कुठली? मग तिसरीला, कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी? तिने मधलं थांबणंच काढून टाकलं. तिन्ही प्रश्न एकदम पाठवले जाऊ लागले, आणि पत्ता सगळ्या फोनांसाठी एकाच सामायिक जागी ठेवला जाऊ लागला. चाचणीत उत्तरं चुटकीसरशी आली. साहेबांनी पाठ थोपटली.

आठवड्याभराने एका दुपारी, एरवी क्षणात उत्तर देणारी पत्त्याची सेवा अडखळत होती. तेवढ्यात फोन घेणाऱ्या काकू ओरडल्या, "अगं, ड्रायव्हर म्हणतोय दाराला कुलूप आहे! तिथल्या बाईंना मघाशीच दवाखान्यात नेलंय."

"मग आत्ताचा फोन कुणाचा?"

"छातीत कळा येतायत त्या आजोबांचा. सून रडतेय, गाडी कुठंय म्हणून."

तिने नोंदी उघडल्या. आजोबांचा पत्ता अजून आलाच नव्हता. प्रोग्रॅमने वाट न बघता आधीच्या बाईंचा पत्ता उचलला होता. चाचणीत ती एकच नंबर वापरत राहिली, म्हणून हे दिसलंच नव्हतं.

"काकू, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका! पत्ता तोंडी विचारा. साहेब, सिस्टिम बंद करायला हवी."

साहेब उठले. "सिस्टिम बंद? वर काय सांगू मी?"

"माझी चूक म्हणून सांगा. पण बंद करा, साहेब. बाकीच्या गाड्या कुणाच्या दारात जातील, देव जाणे."

साहेबांनी दुसरा फोन उचलला आणि सिस्टिम बंद करत असल्याचं वर कळवलं.

तिने जुना प्रोग्रॅम परत चढवायला घेतला. शेजारी काकूंचा आवाज चढला होता, "सूनबाई, रडू नका, आधी गल्ली सांगा!" बऱ्याच वेळाने ड्रायव्हर फोनवर बोलला, "घेतलं आजोबांना. शुद्धीवर आहेत."

मग तिने सगळं नव्याने लिहिलं. प्रत्येक फोनचा पत्ता आता वेगळा राहील, आणि तो हाती येईपर्यंत प्रोग्रॅम थांबेल. गाडी आणि खाट दोन्हींना फक्त पत्ताच लागत होता, म्हणून ते प्रश्न त्यानंतर खुशाल एकत्र जातील. पत्ता रेंगाळला, तर काकूंच्या स्क्रीनवर लाल सूचना येईल: तोंडी विचारा.

काही दिवसांनी कळलं, आजोबा वाचले. उशीर मात्र हृदयाला भोवला. जिना चढणं कायमचं बंद झालं. साहेब "कशाला, कशाला" म्हणत असताना तिने सुनेला फोन लावला आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.

"आता थांबतं ना ते, पत्ता येईपर्यंत?" सुनेने विचारलं.

"थांबतं."

"बरं," म्हणून सुनेने फोन ठेवला.