निशानी बांगडी

"काढ बांगडी," कारकून म्हनाला.

मले समजलंच नाई. माह्या हातात बांगडी होती कुठं? नवरा जाऊन महिना बी झाला नव्हता. मी आपले दोन्ही हात त्याले दाखवले, उघडेबोडके. कारकुनानं हाताकडं पायलं अन् शेजारच्याले ऐकू जाईल असं बोलला, "हातात राहिली नाही, तर कागदावर तरी घाल."

अमरावतीच्या कचेरीचा सारा ओटा हसला. माहा दीर बी हसला, उपरन्याचा शेव तोंडाले लावून.

तवाची रीतच तशी. ज्याले लिहिता येत नाई त्यानं सहीच्या जागी आपल्या धंद्याचं चित्र काढायचं. कुनब्यानं नांगर, सुतारानं वाकस, आमच्या माळ्यानं खुरपं. अन् बाई कोन्या का जातीची असेना, तिनं बांगडी. मंग ती सवाशीन असो का रांडमुंड. मी टाक धरला, गोल काढला, वाकडा झाला. कारकुनानं बाजूले लिहिलं, "अमक्याची बायको, निशानी बांगडी." माहं नाव त्यानं इचारलं बी नाई. कागद तसा बरा होता, मळ्यातला नवऱ्याचा अर्धा वाटा माह्याकडं लागला, बाकीचा अर्धा दिराचा. पन त्यात मी कुठंच नव्हती.

ते दिवस कापसाचे होते. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस इलायतेले जानं बंद झालं, अन् इकडं भाव चढले तसे आमच्या वऱ्हाडातले लोक येडे झाले. वांग्याचं वावर मोड, कापूस लाव. मिरचीचं मोड, कापूस लाव. बैलाच्या शिंगाले चांदी मढवली, अन् घरात सुनेच्या अंगावर फाटकं लुगडं. वा रे अक्कल! मी भाजीच लावली. कापूस खाऊन कोनाचं पोट भरते? शेठ झाला तरी त्याले जेवाले वांगंच लागते.

छावनीकडं एक बुढा साहेब राहे. बाप गोरा, माय इकडचीच. पयले कोर्टात दुभाष्या होता, मंग घरी बसून पोट्ट्यायले कायद्याची इंग्रजी शिकवे. कापसाच्या पायी इंग्रजी कागद धो धो येत होते, ज्याले ते वाचता येत त्याची चांदी होती. म्हनून पुन्याकडचे पोट्टे एवढ्या लांब आले होते. बुढ्याची शिकवायची तऱ्हा न्यारी. त्याच्यापाशी देशोदेशीच्या कायद्यायची बुकं होती. आज इंग्लंडचा नेम, उद्या फ्रान्सचा, परवा अमेरिकेचा. जमीन, लगीन, करार, कोन्या मुलखात काय चालते ते वाचायचं, अन् वाचता वाचता भाषा शिकायची.

मी सकाळी भाजी घेऊन जाई अन् खानसामा येईपर्यंत पायरीवर बसे. कान काही झाकता येत नाईत. ऐकून ऐकून मले शब्द लागले. 'शॅल' म्हनजे केलंच पायजे. 'शॅल नॉट' म्हनजे हात लावला तर याद राख. एक दिवस मी पायरीवरूनच पुटपुटली. बुढ्यानं ऐकलं.

"इकडे ये. पुन्हा म्हण."

मी म्हनलं. बुढा मांडीवर थाप मारून हसला. पोट्टे हसले नाईत. त्यायचे तोंडं पाहन्यासारखे झाले होते.

तवापासून बुढा मले इंग्रजी अक्षरं शिकवू लागला. बदल्यात वांगे अन् सांभार, तुमची कोथिंबीर, फुकट. लोक म्हनतील, देवमानूस होता. कायचा देवमानूस! गोरे पाहुने जेवाले आले का मले हाक मारे, मधात उभी करून दोन कलमं म्हनाले लावे, अन् पाहुने टाळ्या वाजवत. राघू पाळला होता त्यानं. बरं, राघूले मालक पेरू तरी देते. इथं वांगे मीच देऊन राहिली होती. पन मले अक्षरं पायजे होते, म्हनून मी उभी राहिली.

पोट्ट्यायमंधी एक लय हुशार होता. मी पायरीवर बसली का तो आपली चटई मागं ओढे. एक दिवस म्हने, "भाजीवाल्या बायका कायदा शिकल्या, तर उद्या भाजी कोण विकेल?" ह्या पंडिताले माह्या हातचे वांगे चालत, माह्या तोंडचा शब्द चालत नव्हता.

इंग्लंडचा नेम निघाला. लगीन झालं का बाईचं जे असंल ते नवऱ्याचं. माय वं! त्यायच्या तख्तावर रानी बसली होती, अन् बाकीच्या बायायचं असं? मंग फ्रान्सचा. नवऱ्याच्या परवानगीबिगर बाईनं करार करू नये. मले वाटे का समुद्रापलीकडं शहाने लोक राहत असतील. आमच्या कारकुनाचेच भाऊबंद निघाले सारे.

मंग एक दिवस अमेरिकेचा निघाला, तिथल्या कापसाच्या मुलखातला. काळ्या गुलामाले जो कोनी लिहा-वाचाले शिकवंल त्याले सजा. मी पायरीवरून उठून उभी राहिली. कापूस येचाले अक्षर लागत नाई. मंग त्या बिचाऱ्यानं दोन अक्षरं गिरवली तर मालकाच्या बापाचं काय जाते? मी बुढ्याले इचारलं, "असा कायदा काहून केला?"

बुढ्यानं पान उलटलं. उत्तर त्या हुशार पोट्ट्यानं दिलं, तेही माह्याकडं न पाहता. "बरोबरच आहे. वाचता आलं की ती माणसं कामाची राहत नाहीत."

असा राग आला का टोपलं त्याच्या टाळक्यावर उपडं करावं. पन उपकारच म्हना त्याचे. बुढ्याच्या साऱ्या बुकायनं जे सांगतलं नाई ते ह्या बयताडानं एका वाक्यात सांगून टाकलं. तवरोक मले वाटे का आपल्याले लिहिता येत नाई हे आपलं नशीब. नशीब कायचं? कोनीतरी तसा बेत केलेला होता. त्या बेतापायी मी कचेरीत बांगडी काढली होती.

पुढं बडनेऱ्याकडं आगगाडीचं काम निघालं. आमचा मळा त्याच वाटेले लागून. एका शेठले कापसाच्या गाठी ठेवाले जागा पायजे होती. त्यानं दिराले गाठलं. दीर मले म्हने, "वैनी, भाड्यानं देऊ. तीन सालानं परत भेटते." मळा म्हनजे माहं पोट, त्याच्याबिगर मले दुसरं काहीच नव्हतं. मी म्हनलं, कागद पाहू.

कागद इंग्रजीत होता. तो करून आननारा कोन? तोच हुशार पोट्टा! अकोल्याले वकील झाला होता, अंगावर कोट चढला होता. कचेरीत त्यानं कागद पसरला अन् शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं, तिथं निशान्या करायच्या होत्या. त्या बोटामुळं ती ओळ माह्या डोळ्यासमोर आली. रेड ओव्हर अँड एक्सप्लेन्ड. वाचून दाखवलं, समजावून सांगतलं.

"वाचलं कवा?" मी इचारलं.

"काय?"

"इथं लिहिलं हाय का मले वाचून दाखवलं. कवा दाखवलं? आता वाचा."

वकील कारकुनाकडं पाहून हसला. "साहेबाचा राघू आहे हा! बाई, मुकाट्यानं बांगडी काढ. शेठजींना वेळ नाही."

"मंग द्या इकडं, मीच वाचते."

मी हात पुढं केला तसा त्यानं कागद मागं ओढला. आधी चटई ओढे, आता कागद. तेवढीच सुधारना झाली होती त्याच्यात.

दीर दात चावून म्हनाला, "काहून तमाशा करून राहिली वैनी? चार लोकात माहं नाक कापून राहिली."

"नाक तुहं हाय. मळा दोघायचा हाय."

त्यानं टाक घेतला अन् खुरपं काढलं. सुबक काढलं, मन लावून काढलं. मंग वकिलानं कागद दोन्ही हातानं दाबून धरला अन् टाक माह्याकडं सरकवला. मी टाक बुडवला. बांगडीच्या जागी इंग्रजीत लिहिलं, नॉट रेड टू मी. मले वाचून दाखवलं नाई. खाली माहं नाव लिहिलं. अमक्याची बायको नाई, माहं नाव, मायबापानं ठेवलेलं.

तुमाले वाटंल का वकिलाची मान खाली गेली. काही गेली नाई. त्यानं कागद टराटरा फाडला. कारकून म्हनाला, "माजली आहे." शेठ म्हनाला, "औरत पागल है, छोडो." अन् त्याच दिवशी त्यायनं दुसरा कागद केला, एकट्या दिराच्या अर्ध्याचा. दिरानं पुन्हा खुरपं काढलं. इहीर त्याच्या अर्ध्यात होती.

दुसऱ्या दिवशी बुढ्यानं मले फाटकातच थांबवलं. वकील त्याच्याकडं जाऊन रडला असंल. बुढा म्हने, "हे करायला मी तुला शिकवलं नव्हतं."

"साहेब," मी म्हनलं, "शिकवलं तुमीच, पन काय शिकवलं ते तुमाले समजलं नव्हतं. आता भाजी दुसरीकडून घ्या."

दिराचं अर्धं वावर परत आलं नाई. भाडं होतं का इक्री, त्याले इचारा. त्याले बी ठाऊक नाई. आता तो त्याच शेठच्या गाठी उचलते अन् मले पाहून रस्ता बदलते. मी नाल्यावरून डोक्यावर पानी आनते. निम्मे वाफे वाळून गेले. जाती-गोतीतल्या बाया म्हनतात, "बांगडी काढली असती तर काय बिघडलं असतं?" काय बिघडलं असतं! माहा बी मळा गेला असता. चुलीवर काय शिजवलं असतं मंग, कापूस?

बाजाराच्या दिवशी मी कचेरीच्या ओट्याखाली टोपलं मांडते. एखादी बाई आत जाताना दिसली का आवाज देते, "माय, अगोदर वाचाले लाव. मंगच टाक धर." चपराशी येते, टोपलं लाथाडते, मले हाकलते. मी वांगे येचते अन् पुन्हा बसते. चार बायायनं ऐकलं नाई तर पाचवी ऐकते.

अन् सध्या मी मोडी शिकून राहिली. ते झालं का उर्दू. त्यायले ज्या भाषेत लुटायचं असंल त्या भाषेत कागद करून आना म्हना. मी त्याच भाषेत 'नाई' असं लिहीन, अन् खाली सही करीन.