उघडं शिरूर

आईनं शिरूर बंदच पाहिलं होतं. आमची मेंढरं होती तेव्हा मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं असं सगळं बिऱ्हाड घेऊन माणसं घोड नदी ओलांडायची आणि नगरच्या बाजूला चारायला जायची. पेठेतून मेंढरं काढायची तर पहाटेच. दिवसा काढली की दुकानदार काठ्या घेऊन अंगावर येतात. त्यामुळं आईच्या लेखी शिरूर म्हणजे लावलेल्या फळ्या आणि भुंकणारी कुत्री. पुढं मेंढरं विकली, न्हावऱ्यात ऊस लावला, पण बाजाराला एसटीनं जायचे ते आप्पा, माझे वडील. आई कधी म्हणाली, "एकदा उघडं शिरूर दावा की," तर आप्पांचं ठरलेलं उत्तर, "तिथं काय सोनं वाटत्यात व्हय?"

ते शिरूर तिला दिसलं ते दवाखान्यामुळं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं लग्न झालेलं, मी माहेरी आले होते ती आजारी आईला डॉक्टरांना दाखवायलाच. डॉक्टरांनी एक्स-रेचे फोटो पाहिले आणि आप्पांना एकट्याला आत बोलावलं. मी आणि आई बाहेर बाकड्यावर. आप्पा बाहेर आले, आईकडं न बघता म्हणाले, "रगात कमी हाय म्हणत्यात." इथवर ठीक होतं. पण पुढं म्हणाले, "तुला गाव बघायचं हुतं न्हवं? बघ आज. काय पायजे ते घे. काय खायचं ते खा."

मेलं! हॉटेलातला चहा नको म्हणून फडक्यात भाकरी बांधून नेणारा हा माणूस! मी त्यांना पाण्याच्या माठापाशी ओढत नेलं.

"काय म्हणाले डॉक्टर? खरं सांगा."

"घरी न्या म्हणाले. मागंल ते खायला घाला म्हणाले."

पटक्याच्या शेवानं ते तोंड पुसत राहिले. मला रडू यायच्या आधी रागच आला. म्हटलं, "मग निदान चहावरून तरी भांडायचं होतं तिच्याशी! असं बोलतात का?" "तू हिंडव तिला. माझ्यानं न्हाई व्हायचं," एवढं म्हणून ते औषधांची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसले.

आईला कळू द्यायचं नाही, आजचा दिवस तिचा आनंदात जाऊ द्यायचा, एवढंच मी मनाशी घट्ट धरलं आणि तिचा हात धरून पेठेत शिरले. बाजाराचा दिवस होता. तांब्याभांड्यांच्या दुकानात ठोकाठोकी चाललेली, पुढं कल्हईवाल्याचा भाता, नवसागराचा तो नाकात झोंबणारा धूर. पिंजारी धनुकली मारत होता आणि कापूस त्याच्या भुवयांवर बसला होता. आई प्रत्येक दारापाशी थांबायची आणि म्हणायची, "आतनं असं हाय व्हय!" लहान पोरीसारखी. तिला दुकानं ओळखू येत होती ती पायऱ्यांवरून. पहाटे तेवढ्याच दिसायच्या ना.

एका दगडी पायरीपाशी ती बसलीच. दुकान कॅसेटचं होतं, आतून गाणं नुसतं बदडत होतं.

"ह्याच पायरीवर तुला पाजलं हुतं गं. मेंढरं फुडं गेली, आन् तू काय रडायची थांबंना. ह्या फळीला पाठ टेकली हुती मी."

दुकानातलं पोरगं ओरडलं, "मावशी, गिऱ्हाइकाच्या वाटेत बसू नका." एरवी मी त्याला असा झाडला असता! पण आई हसली, म्हणाली, "उठते बाबा. तवाबी हाकललंच हुतं." जिलबी घेतली तर एक वेढा खाल्ला आणि उरलेली माझ्याच तोंडात कोंबली. देवळापाशी वाघ्या होता, त्याच्याकडून स्वतःला आणि मला भंडारा लावून घेतला. मला वाटत होतं, जमलं. कळलं नाही हिला.

मग म्हणाली, "बांगड्या भरायच्या."

शिरूरच्या एका मुसलमान घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचाच धंदा. दुकानात म्हातारे मामा चटईवर बसलेले. बायकांचा हात धरतो तो भाऊच, म्हणून आमच्याकडं बांगडीवाल्याला सगळ्या मामा म्हणतात. मामांनी आईचा हात घेतला. जुन्या बांगड्या मनगटावर ठरत नव्हत्या, तिनं त्या दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी आईच्या मागून हळूच म्हटलं, "होत्या त्याच मापाच्या भरा, मामा." हात किती वाळलाय ते तिला दिसू नये म्हणून.

त्यांनी ऐकलं बिचाऱ्यांनी. पहिली बांगडी घातली तर ती सर्रकन कोपरापर्यंत गेली.

"ही नको," आई म्हणाली. "मापाच्या भरा. घट्ट. हिरव्या, हातभरून."

"नवरीसारख्या, ताई?"

"व्हय."

मामांनी लहान माप काढलं, साबण लावला, बोटं दाबून दाबून एकेक चढवली. माप जरा जास्तच लहान होतं. तिला दुखत होतं, पण तिनं हात मागं घेतला नाही. सगळ्या भरल्यावर मामांनी रिवाजाप्रमाणं एक बांगडी वरची आपल्याकडून घातली. आईनं बांगड्या डोळ्यांना लावल्या, मामांना वाकून नमस्कार केला.

"अहेव ऱ्हावा, ताई."

"त्येवढंच मागाय आलते, मामा."

मामांनी मान खाली घातली आणि उगाच साबणाची वाटी पुसायला लागले.

बाहेर आल्यावर मी भडकले. "एवढ्या आवळून कशाला भरायच्या? हात बघ कसा लाल झालाय!"

ती दमली होती. भिंतीला टेकून म्हणाली, "तुझी आजी अहेव गेली ना, तुझ्या आज्याच्या आधी, तवा तिचे हात ताठले हुते. हिरव्या बांगड्या भरायला बायांनी लई ओढाओढ केली. मनगटावरच फुटल्या गं सगळ्या. मला बघवलं न्हाई. तुझ्यावर ती पाळी नगं. आत्ता हात वळत्यात, भरून घेतल्या."

मी विचारलं, "तुला सांगितलं कुणी?"

"तुझ्या बापानं. काय पायजे ते घे म्हनला न्हवं? तवाच कळलं."

आणि मग मी भर पेठेत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी तिला सांभाळायला निघाले होते. येणाऱ्याजाणाऱ्या बाया थांबायच्या, विचारायच्या, "लेक सासरी चालली व्हय?" आई म्हणायची, "व्हय, व्हय."

स्टँडवर आप्पांना तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. "आता तरी वरडा की! एवढ्या कशाला म्हना!" आप्पांनी चहा सांगितला. तिघांनी मिळून तो प्यायला आणि न्हावऱ्याची गाडी पकडली.

ती त्यानंतर उन्हाळाभर तग धरून होती. शेवटी शेवटी इतकी वाळली, की त्या घट्ट बांगड्याही मनगटावरून सुटायला लागल्या. आप्पांनी आपल्या घोंगडीचा काठ उसवला, काळ्या लोकरीचा धागा काढला आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांना तो गुंडाळून दिला. तिची झोप मोडू नये म्हणून श्वास धरून गुंडाळत होते ते.

ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बाया हिरव्या बांगड्या आणि साबण घेऊन आल्या. बायकांच्या कामात आप्पा कधी पडले नाहीत. त्या दिवशी मात्र दारात आडवे उभे राहिले.

"तिच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले. "ती शिरूरवरनं भरून आलीय."