भाचीनं पायाला हात लावू नये

नर्सिंगबद्दल जगात जेवढे म्हणून गैरसमज आहेत, ते सगळे आमच्या मोठ्या मामांकडे ठोक भावात मिळतात. अमडापूरच्या बाजारात मेथी-वांग्यांच्या ढिगामागे बसून ते गिऱ्हाइकाला भाजीबरोबर एखादा फुकट बांधूनही देतात. डॉक्टरकीत नापास झालेल्या पोरींना नर्स करतात, हा त्यांचा लाडका. नर्सला जन्मभर रात्रपाळीच असते आणि म्हणून तिचं लग्न जमत नाही, हा दुसरा. माझं लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी तो त्यांनी मागे घेतलेला नाही. "तुयं जमून गेलं, सगळ्याइचं जमते काय?" म्हणतात.

बारावीनंतर मी नर्सिंगला जाते म्हटलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. डीएड कर, बँकेची परीक्षा दे, काहीच नाही तर शिवणक्लास काढ. आईनं भावाचं ऐकलं नाही म्हणून मी शिकले आणि सरकारी दवाखान्यात लागले. मग मामांनी नवंच खूळ घेतलं. लोकांच्या पोरींना बाजारात अडवून सांगायला लागले की नर्सिंग करा, सरकारीत जागा निघतात, खाजगीवाले घरून बोलावून नेतात आणि परदेशवाले तर विमानाचं तिकीटच पाठवतात. पोरांनीही करावं, त्यात लाजायचं काय, असंही वर ऐकवायचे. माझ्या दवाखान्यात पेशंट आणायचे ते वरातीसारखे. एकदा एकाला त्याच्या आजारी बकरीसकट घेऊन आले. मला मात्र दर भेटीत एकच टुमणं, की बाई, आफिसात बदली करून घे, कागदं लिही.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाला. मोठे मामा याबाबतीत इतके कडक, की लहानपणी मी झोपेत लोळत त्यांच्या पायावर गेले तरी ते उठून माझ्या पाया पडायचे आणि मग पुन्हा झोपायचे.

गेल्या हिवाळ्यात हाच माणूस अचानक चपलेत मोजे घालून हिंडायला लागला. ज्यानं उभ्या जन्मात मोजा घातला नाही त्याला हा शौक कुठून सुचला, म्हणून आईनं मला फोन केला. मी जाऊन मोजा उतरवला तेव्हा कळलं, मळ्यात पाणी देताना फावडं अंगठ्याला लागलं होतं. अंगात साखर, वरून जखमेत हळद आणि तंबाखू भरलेली. अंगठा टरारून सुजला होता. तशीच त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, रोज ड्रेसिंग झालं तर ठीक, नाहीतर अंगठा कापावा लागेल आणि पुढे पाऊलही जाईल.

आमच्या दवाखान्यात ड्रेसिंग माझ्याकडेच. मी ट्रे घेऊन आलेली पाहताच मामा उठून चालायला लागले. पाय गेला तर जाऊ दे, पण तुझ्या हातानं नाही, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांदेखत ओरडले की रोज लोकांचे पाय धुते मी, तुमच्या पायाला काय सोनं लागलंय?

मामा दारातच थांबले. हळूच म्हणाले, "तेच तं दुखते मले. मी जिच्या पाया पडतो, ते लोकायचे पाय धुते. म्हून तं तवा नाई म्हनत होतो."

म्हणजे डीएड, बँक, शिवणक्लास हे सगळं त्या एका दुखण्यावरचं पांघरूण होतं. मला रडू आलं. मी म्हटलं, मग आधी तुम्ही माझ्या पाया पडा, मग मी हात लावते, म्हणजे फिट्टंफाट. मामांनी बराच विचार केला आणि ते वाकले. त्यानंतर रोज सकाळी अख्खा वॉर्ड बघायचा, हा पांढऱ्या मिशांचा माणूस सिस्टरच्या पाया पडायचा आणि मग डोळे गच्च मिटून पाय स्टुलावर ठेवायचा.

अंगठा वाचला. शेवटची पट्टी सोडून मी म्हटलं, मामा, उद्यापासून यायचं काम नाही. मला वाटलं, सुटले बिचारे. पण ते बसूनच राहिले.

"मंग उद्या कोनाचे पाय धुशीन?"

"येईल कोणी."

"तो काई तुया मामा नसन ना?"

"नसेल."

"मंग लाव बाई त्याले हात," मामा म्हणाले. "आपला समजून लाव."

नोकरीला लागून मला कितीतरी वर्षं झाली होती. मामांचा होकार मला त्या दिवशी मिळाला.