धामणीच्या पिल्लाची पेटी

पेटी रिकामी! झाकण हातात धरून मी उभी, आणि माझं रांगतं लेकरू मागे जमिनीवर एकटं. लेकराला कडेवर घेतलं आणि ओरडून घर डोक्यावर घेतलं.

धामणीचं पिल्लू पाळायची हौस आमच्या ह्यांची. गवताची उडवी हलवताना अंडी सापडली, त्यातून हे एकच निघालं. धामण शेतातले उंदीर खाते, तिला विष नसतं, हे सगळं ह्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. तरी पहिल्या दिवशी मी लेकराला घेऊन अंगणातच बसून राहिले.

हे शाळेत मास्तर. वाढत्या जिवाला मोकळी जागा हवी म्हणून खाणीवरून यंत्राची रिकामी लाकडी पेटी आणली. तिच्यात आमचा पाळणा सहज मावला असता! जाळी मारली, पाणी ठेवलं, बेडकाची पिल्लं सोडली. पिल्लू बापडं कोपऱ्यात वेटोळं करून बसायचं आणि बेडूक खुशाल त्याच्या अंगावरून उड्या मारायचे. खायचं नाव नाही. कातडी सुरकुतली. आता ते जगत नाही हे दिसतच होतं, आणि ह्यांनाही घास जाईना. सापापायी नवरा उपाशी! माहेरी सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

साप कळणारा माणूस भिंतीपलीकडेच राहायचा, माझा दीर. पण गोव्याची भाषा मराठी की कोकणी, ह्या वादात हे मराठीवाले, तो कोकणीवाला. दोघांचं बोलणंच तुटलं होतं. गोवा राज्य झालं तेव्हा दोघांनी पेढे वाटले, तेही आपापल्या दारात. ह्यांनी तर घरात कोकणी शब्द काढायचा नाही असा पणच केला होता. गाईला "बाजूस सरक" म्हणायचे. गाय ढिम्म हलायची नाही.

माझी ओरड ऐकून हे विहिरीवरून धावत आले. पाठोपाठ दीर आला, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"वयनी, भियेनाकात. सकाळीं हांवेंच व्हेलें तें."

वर्षभर ह्या उंबऱ्याकडे ढुंकूनही न बघणारा माणूस आमच्या घरात येऊन साप उचलून गेला होता! मला ओरडावं की हसावं तेच कळेना.

त्याने डबा उघडला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत पाचोळा, एक करवंटी. तिच्याखालून पिल्लाचं पोट डोकावत होतं, मध्येच टम्म फुगलेलं.

ह्यांचा आ वासलेलाच राहिला. मग माझा मराठीचा कैवारी किंचाळला, "आरे, खालें मरे ताणें!"

पिल्लाने खाल्लं, हा आनंद विसरून मी ह्यांच्याकडेच बघत राहिले.

"ल्हान जीव तो," दीर खाली मान घालून म्हणाला. "व्हडल्या जाग्यार भियेता. लिपपाक आडोसो जाय. भिल्लेलो जीव खाता खंय?" म्हणजे पेटीच मोठी, लपायला जागा नाही, म्हणून ते भिऊन उपाशी! मग ते मोठं झाल्यावरचं सांगून त्याने भावाची समजूत काढली, "व्हड जातकच तुजी पेटी आसाच."

ह्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले होते, ते लपवायचंही भान नव्हतं. "च्या घेता?" एवढंच विचारलं.

मी चुलीवर आधण ठेवलं. बाहेर डबा कुणाच्या घरात ठेवायचा यावर दोघे भाऊ भांडत होते, मोठमोठ्याने, कोकणीत.