जांबाखालचा उतार

आमचं घर वस्तीच्या टोकाला, टेकडीच्या उतारावर. मागच्या बाजूला बायकोनं लावलेला जांब, म्हणजे पेरू आहे. ती गेल्यापासून तो उतार मी रोज सकाळी खराट्यानं झाडायचो, पालासुद्धा ठेवत नव्हतो. ती जन्मभर झाडायची, म्हणून. तिच्यासाठी दुसरं काय करणार? स्वयंपाक मला येत नाही. रडणंही येत नाही.

पावसाळ्यात जांबाची मुळं उघडी पडली. आधी बोटाएवढी दिसली, मग मनगटाएवढी. झाड उताराखालच्या नालीकडं कललं. तेवढंच एक तिच्या हातचं जिवंत उरलं होतं.

शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, वाहून गेलेली माती वर नाही नेत काय तुम्ही?"

"कोणती माती?"

"घ्या. तुमची बाई पाऊस उघडला का नालीत उतरे. घमेलं भरे, डोक्यावर घेऊन वर टाके, पायानं दाबे. तीस वर्षं पाह्यलं मी."

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही बुटीबोरीहून कामावरून येऊन जेवत, अन् झोपत. आयकत कधी होते?"

मी तिथंच दगडावर बसलो. मला वाटायचं, टेकडी आपली जागच्या जागी उभी आहे. ती माझ्या बायकोच्या डोक्यावर उभी होती. झाडून माती मोकळी करायची चूक ती रोज करायची आणि पाऊस उघडला की निस्तरायची. मी नुसती चूक तेवढी उचलली.

दोन दिवस मीही घमेलं उचललं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. मग आठवलं, लहानपणी गावी, कुहीला, धानाच्या बांधीचे धुरे, म्हणजे शेताचे मातीचे बांध, कोणी झाडत नव्हतं. त्यांच्यावर हरळी असायची, आणि धुरे कधी वाहून गेले नाहीत.

खराटा ठेवून दिला. उताराला आडवे दगड लावले. गावाकडून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणून पसरलं, वरून तागाची पोती अंथरली, खुंट्या ठोकल्या आणि मधेमधे भोकं पाडून हरळी खोचली.

पुढचा पाऊस जोराचा आला. मी दारात उभा राहून पाहत होतो. थेंब पोत्यावर पडायचा आणि तिथंच मरायचा. नालीत पाणी आलं ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी छत्री न घेताच बाहेर गेलो आणि ओंजळीत घेऊन पाहिलं. तळाला कणभर माती नव्हती.

महिन्याभरानं हरळी पोत्यातून वर आली. एक काडी उपटून पाहिली तर मूठभर माती धरून आली. झटकली तरी सोडेना. एवढीशी काडी, आणि बायकोच्या तीस वर्षांचं ओझं बसल्या जागी पेलते. हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून. पाऊस उघडल्यावर तू काय करतेस, एवढं मी तिला एकदा विचारायला हवं होतं.

"कचरा लय साचला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ती असती तर शिव्या देल्या असत्या तुम्हाले."

"देऊ दे," मी म्हणालो.

जांब कललेलाच आहे, पण मुळं झाकली. सकाळी हात अजून खराट्याकडं जातो. अंगण संपेपर्यंत झाडतो. हरळी लागली की थांबतो.