भुवयांचा होकार

माउंट रॉस्किलला आमच्या शेजारी राहणारी बाई ‘हो’ म्हणत नाही, भुवया उंचावते. ‘नाही’ म्हणायचं असलं की नाक आक्रसते. आमच्या हिला आधी तो तुसडेपणाच वाटला होता. बाईचं माहेर कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातलं इनुइट गाव. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये; त्या गारठ्यात आम्ही जॅकेटात, ती अनवाणी कपडे वाळत घालते.

ख्रिसमसला तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. मी चार खुर्च्या नेल्या, तर तिनं नाक आक्रसलं. लॉनवर पुठ्ठे अंथरून सगळे भोवती मांडी घालून बसले होते. गावाकडे असंच जेवतात म्हणे. फोनवर तिची आई दिसत होती. तिथे अजून आदली संध्याकाळ होती.

अर्धचंद्रासारख्या सुरीनं तिनं गोठवलेल्या कच्च्या सॅमनचे पातळ काप काढले आणि विचारलं, “इथे वयानं मोठं कोण?”

मीच निघालो. पहिला मान माझा, आणि मी खाल्ल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं. मला मासा तळलेलाच लागतो. तरी काप तोंडात टाकला. तो जिभेवर हळूहळू विरघळला.

“आवडला?”

मी भुवया उंचावल्या. फोनमधल्या म्हातारीनंही उंचावल्या, आणि मग सगळ्यांनी हात घातले.